क्वार्कचा तुरुंग आणि गणितातले दुसरे जग

प्रोटॉन तीन क्वार्कचा बनलेला असतो, हे आज महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकांतही शिकवले जाते. क्वार्कची कल्पना मरे गेल-मान आणि जॉर्ज झ्वाइग या दोघांनी १९६४ साली स्वतंत्रपणे मांडली. त्याला सहा दशके उलटून गेली. परंतु सुटा, एकटा क्वार्क आजवर कोणत्याही प्रयोगशाळेत सापडलेला नाही. प्रोटॉनवर कितीही जोराचा आघात केला तरी त्यातून क्वार्क मोकळा होत नाही. आघाताच्या ऊर्जेतूनच नवे क्वार्क आणि प्रतिक्वार्क जन्माला येतात, जुन्यांशी संधान बांधतात आणि सगळे पुन्हा बंदिस्त होतात. भौतिकशास्त्रात या घटनेला क्वार्कचा बंदिवास म्हणतात.

नवल असे, की हा बंदिवास घडवून आणणाऱ्या प्रबल बलाची समीकरणे पन्नासहून अधिक वर्षे माहीत आहेत. क्वार्क जितके जवळ, तितके त्यांच्यातील बल क्षीण, हे डेव्हिड ग्रॉस, फ्रँक विल्चेक आणि डेव्हिड पोलिट्झर यांनी १९७३ साली दाखवून दिले आणि त्याबद्दल त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण क्वार्क दूर जाऊ लागले म्हणजे काय होते, याचे उत्तर त्याच समीकरणांतून तर्कशुद्धपणे काढून दाखवणे अद्याप कोणालाही जमलेले नाही. अमेरिकेतील क्ले गणित संस्थेने २००० साली प्रत्येकी दहा लाख डॉलर बक्षिसाचे सात प्रश्न जाहीर केले. त्यांतील एक याच जातीच्या समीकरणांविषयी आहे आणि ते बक्षीस अजून कोणीही जिंकलेले नाही.

हा प्रश्न केवळ तज्ज्ञांच्या कुतूहलाचा नाही. प्रोटॉनमधील तीन क्वार्कच्या स्वतःच्या वस्तुमानांची बेरीज केली, तर ती प्रोटॉनच्या वस्तुमानाच्या जेमतेम एक टक्का भरते. उरलेले वस्तुमान बंदिस्त क्वार्कच्या आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या क्षेत्राच्या ऊर्जेतून येते. वजनकाट्यावर उभे राहिल्यावर दिसणारा आकडा हा बहुतांशी या बंदिवासाचा आकडा आहे.

या कोड्यावर १९९४ साली एका आडवाटेने प्रकाश पडला. निसर्गात नसलेले, पण गणिताने सोडवता येणारे एक जग निवडायचे आणि त्याचे नियम थोडेथोडे बदलत ते आपल्या जगाच्या दिशेने न्यायचे, अशी ती वाट. नियमांतील या बदलाला विरूपण म्हणतात. अशा प्रवासात आधार कोणता आणि तो कुठे सुटतो, हे समजून घेण्यासाठी सुपरसिमेट्री, म्हणजेच महासममिती, या कल्पनेची ओळख करून घ्यावी लागते.

सोपे आधी, अवघड मागाहून

विरूपणाची युक्ती नवी नाही. सूर्य आणि एकच ग्रह असता, तर ग्रहाची कक्षा न्यूटनच्या नियमांनी अचूक काढता येते. प्रत्यक्षात अनेक ग्रह एकमेकांना ओढत असतात. मग खगोलशास्त्रज्ञ आधी सोपा प्रश्न सोडवतात आणि इतर ग्रहांची ओढ ही त्यावरची किरकोळ दुरुस्ती मानतात. युरेनसच्या कक्षेतील अशाच किरकोळ तफावतीवरून अर्बेन लव्हेरिए यांनी अज्ञात ग्रहाची जागा वर्तवली आणि १८४६ साली बर्लिनच्या वेधशाळेतून नेपच्यून सापडला.

पुंज क्षेत्र सिद्धांतात हीच रीत वापरली जाते. या सिद्धांतानुसार प्रत्येक प्रकारच्या कणासाठी अवकाशभर पसरलेले एक क्षेत्र असते आणि कण म्हणजे त्या क्षेत्राच्या कंपनाचा एक पुंज. कोणत्या कणाचे वस्तुमान किती, कोणते बल किती जोरकस, असे मोजके आकडे दिले की सिद्धांत ठरतो. तंबोऱ्याची खुंटी पिळून तार चढवावी किंवा उतरवावी, तसा यांतील एखादा आकडा बदलणे किंवा समीकरणात एखादे नवे पद घालणे, म्हणजे त्या सिद्धांताचे विरूपण करणे होय. विद्युतचुंबकीय बलाचा जोर दाखवणारा आकडा साधारण १/१३७ इतका लहान आहे. त्यामुळे बलविरहित जगापासून सुरुवात करून एकेक दुरुस्ती जोडत गेले, की प्रत्येक दुरुस्ती आधीच्या दुरुस्तीहून खूपच लहान निघते. इलेक्ट्रॉनच्या चुंबकत्वाचे गणित आणि मोजमाप दहाव्या अंकाच्याही पुढे जुळते, ते या रीतीच्या बळावर.

प्रबल बलाच्या बाबतीत मात्र ही रीत कोलमडते. प्रोटॉनच्या आकाराच्या अंतरावर या बलाचा जोर एकाच्या आसपास पोहोचतो आणि पुढची दुरुस्ती आधीच्या दुरुस्तीइतकीच मोठी निघू लागते. त्याहून गंभीर अडचण वेगळीच आहे. पाणी एकेक अंशाने थंड करत नेले, तर बराच काळ ते पाणीच राहते. शून्य अंशाशी त्याचा अचानक बर्फ होतो आणि पाण्याचे वर्णन तेथे लागू पडत नाही. सिद्धांताचे विरूपण करतानाही वाटेत असा एखादा बर्फाचा टप्पा लागणार नाही, याची हमी नसते. म्हणून प्रवासभर न बदलणारी अशी एखादी खूण हाती असावी लागते. ती खूण सुपरसिमेट्री पुरवते.

जोडीचा नियम

निसर्गातील कणांचे दोन वर्ग आहेत. प्रकाशाचा फोटॉन हा बोसॉन वर्गातला. सत्येंद्रनाथ बोस यांच्या नावावरून हा वर्ग ओळखला जातो आणि या वर्गातील कण एकाच अवस्थेत हवी तेवढी गर्दी करू शकतात. इलेक्ट्रॉन आणि क्वार्क हे फर्मिऑन. एका अवस्थेत त्यांतला एकच कण राहू शकतो. हे दोन वर्ग एकमेकांत बदलले तरी समीकरणे तशीच राहतील, अशी व्यवस्था म्हणजे सुपरसिमेट्री. मॉस्कोत युरी गोल्फांड आणि एव्हगेनी लिख्तमान यांनी ती १९७१ साली मांडली, तर १९७४ साली युलियस वेस आणि ब्रुनो झुमिनो यांनी दिलेल्या रूपामुळे ती जगभर पोहोचली.

अशा जगात प्रत्येक बोसॉनला तितक्याच वस्तुमानाचा फर्मिऑन जोडीदार असतो. पुंज सिद्धांतात दोघांपासून येणाऱ्या दुरुस्त्यांची चिन्हे विरुद्ध असल्यामुळे त्यांतील कित्येक परस्परांना छेदून जातात आणि गणित आवाक्यात येते. एडवर्ड विटेन यांनी १९८२ साली या जोडीच्या नियमातून आणखी एक निष्कर्ष काढला, तो आपल्या विषयाचा कणा आहे.

एका मंगल कार्यालयाची कल्पना करू. वरच्या मजल्यांवर केवळ जोडप्यांनाच प्रवेश आहे. तळमजल्यावर कोणीही बसू शकते. कार्यक्रमभर माणसे वर-खाली करत राहतात. तळमजल्यावरील पुरुषांची संख्या बदलते, स्त्रियांचीही बदलते. पण वर जाणारे आणि खाली येणारे जोडीनेच जात-येत असल्यामुळे तळमजल्यावरील पुरुष आणि स्त्रिया यांच्या संख्यांतील फरक कधीही बदलत नाही. सुपरसिमेट्रीच्या जगात शून्याहून अधिक ऊर्जेच्या अवस्था म्हणजे वरचे मजले होत. तेथे प्रत्येक बोसॉन-अवस्थेला समान ऊर्जेची फर्मिऑन-अवस्था असतेच. शून्य ऊर्जेच्या अवस्था म्हणजे तळमजला. तेथे एकट्याने राहता येते. सिद्धांताचे आकडे हळूहळू बदलले, की अवस्था वर-खाली सरकतात, पण तळमजल्यावरचा फरक कायम राहतो. तो सोप्या परिस्थितीत मोजावा आणि बिनदिक्कत अवघड परिस्थितीत वापरावा.

प्रबल बलात क्वार्कच्या अंगी विद्युतभारासारखा एक गुण असतो. त्याला रंगभार म्हणतात आणि त्याचे तीन प्रकार आहेत. सरावासाठी शास्त्रज्ञ दोनच रंगांची सोपी आवृत्ती घेतात. क्वार्क वगळून केवळ बलाचे वाहक आणि त्यांचे जोडीदार ठेवलेल्या अशा दोन रंगांच्या सुपरसिमेट्रिक सिद्धांतासाठी विटेन यांच्या मोजणीचे उत्तर २ आले. हा दोनचा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. बारा वर्षांनी तो अनपेक्षित ठिकाणी पुन्हा भेटला.

वीज आणि चुंबक यांची अदलाबदल

बंदिवास कसा घडत असावा, याचे एक चित्र १९७०च्या दशकातच तयार होते आणि ते अतिसंवाहकांवरून सुचले होते. अतिथंड अवस्थेत वीज विनारोध वाहून नेणारा अतिसंवाहक चुंबकीय क्षेत्राला आपल्या आत थारा देत नाही. काही अतिसंवाहकांत क्षेत्र शिरलेच, तर ते बारीक नळ्यांमध्ये आवळले जाते. आता अशा पदार्थात चुंबकाचे सुटे उत्तर आणि दक्षिण ध्रुव ठेवता आले असते, तर त्यांच्यामधील क्षेत्र एका नळीत कोंबले गेले असते. ध्रुव दूर नेऊ तितकी नळी लांबते आणि लांबीच्या प्रमाणात ऊर्जा लागते. म्हणजे ते कायमचे विभक्त करणे अशक्य. गेरार्ड ’ट हूफ्ट आणि स्टॅनली मँडेलस्टॅम यांनी सुचवले, की क्वार्कच्या भोवतीचे निर्वात असेच वागत असावे. फक्त वीज आणि चुंबक यांच्या भूमिका उलट: निर्वातात चुंबकीय भारांचे संघनन झालेले आणि त्यामुळे क्वार्कमधील क्षेत्र नळीत आवळलेले.

यासाठी चुंबकाचा सुटा ध्रुव, म्हणजे एकध्रुव हवा. तो निसर्गात आढळलेला नाही. परंतु १९७४ साली ’ट हूफ्ट आणि अलेक्झांडर पॉल्याकोव्ह यांनी स्वतंत्रपणे दाखवले, की काही क्षेत्र सिद्धांतांत एकध्रुव आपोआप उद्भवतात. त्याआधी १९३१ सालीच पॉल डिरॅक यांनी सिद्ध केले होते, की विद्युतभार आणि चुंबकीय भार यांचा गुणाकार ठरावीक पटींतच असू शकतो. याचाच अर्थ, एक भार दुर्बळ असेल तर दुसरा प्रबळ. मग वीज आणि चुंबक यांची नावे आपसांत बदलली, तर न सुटणारा प्रबळ प्रश्न सुटणारा दुर्बळ प्रश्न होईल काय? क्लाउस माँटोनेन आणि डेव्हिड ऑलिव्ह यांनी १९७७ साली अशा अदलाबदलीचे अनुमान मांडले. ते आकर्षक होते, पण तपासायचे कसे, हा प्रश्न होता. कारण प्रबळ बाजूचे गणित कोणालाच येत नव्हते.

या टप्प्यावर मुंबईचा संबंध येतो. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्या वेळी काम करणारे अशोक सेन यांनी १९९४च्या प्रारंभी एक कसोटी लावली. अदलाबदलीचे अनुमान खरे असेल, तर सर्वाधिक सुपरसिमेट्री असलेल्या चौमितीय सिद्धांतात दोन एकध्रुवांची, विषम विद्युतभार असलेली एक विशिष्ट बद्ध अवस्था अस्तित्वात असलीच पाहिजे. सेन यांनी ती गणिताने शोधून दाखवली. सुपरसिमेट्रीमुळे अशा अवस्थांचे वस्तुमान त्यांच्या भारांशी घट्ट बांधलेले असते आणि बलाचा जोर वाढवला तरी ते नाते तुटत नाही. म्हणूनच दुर्बळ बाजूला सापडलेली अवस्था प्रबळ बाजूची साक्ष देऊ शकली. तोवर अनुमानाकडे साशंकतेने पाहणाऱ्यांचे मत या शोधनिबंधाने बदलले.

दोन बिंदू

त्याच वर्षाच्या मध्यास न्यू जर्सीत नेथन सायबर्ग आणि एडवर्ड विटेन यांनी दोन रंगांचा आणि दुप्पट सुपरसिमेट्री असलेला सिद्धांत सोडवला. या जगाचे एक वैशिष्ट्य असे, की त्याला एकच निर्वात नसून अगणित निर्वाते आहेत आणि त्यांचा नकाशा एका सपाट पृष्ठभागावर काढता येतो. नकाशाच्या कडेला बल दुर्बळ असते आणि गणित सोपे; आत शिरावे तसे बल वाढते आणि नेहमीची सूत्रे निरर्थक उत्तरे देऊ लागतात. परंतु सुपरसिमेट्रीमुळे येथील फलनांना विलक्षण ताठरपणा येतो. कडेला ती कशी वागतात आणि आत कोणत्या बिंदूंवर बिघडतात, एवढे कळले की मधले सारे निश्चित होते. सायबर्ग आणि विटेन यांनी दाखवले, की आत असे दोनच बिंदू आहेत. एकावर एकध्रुवाचे वस्तुमान शून्य होते. दुसऱ्यावर वीज आणि चुंबक असे दोन्ही भार वाहणाऱ्या कणाचे. नकाशावरील प्रत्येक बिंदूला त्यांनी मेदूवड्याच्या आकाराचा एक पृष्ठभाग जोडला. या दोन बिंदूंवर तो वडा एका जागी चिमटला जातो. कणांची वस्तुमाने या वड्याच्या भूमितीतून वाचता येतात.

यानंतर विरूपणाची पाळी आली. त्यांनी समीकरणात वस्तुमानाचे एक छोटे पद घातले. त्यामुळे निम्मी सुपरसिमेट्री मोडली आणि निम्मी शाबूत राहिली. सपाट नकाशाला जणू उतार लागला आणि अगणित निर्वातांपैकी केवळ ते दोन विशेष बिंदूच टिकले. विटेन यांनी १९८२ साली मोजलेला आकडा हाच होता. शिवाय त्या बिंदूंवर, वस्तुमान गमावलेल्या एकध्रुवांचे संघनन होते, हे गणितातूनच बाहेर पडले. संघनन झाले, की विद्युत क्षेत्र नळ्यांत आवळले जाते आणि बंदिवास अवतरतो. वीस वर्षे केवळ चित्ररूपात असलेली कल्पना एका चौमितीय सिद्धांतात इतक्या स्पष्टपणे गणिताने हाती लागली.

पूल कुठपर्यंत पोहोचला?

येथून आपल्या जगाकडे जायचे, तर दोन टप्पे उरतात. पहिला म्हणजे नव्याने घातलेले वस्तुमान वाढवत नेणे. शिल्लक राहिलेली निम्मी सुपरसिमेट्री या टप्प्यावर सोबत असते. फलनांचा ताठरपणाही टिकतो आणि वाटेत बर्फाचा टप्पा येणार नाही, अशी खात्री देता येते. दुसरा टप्पा म्हणजे उरलेली सुपरसिमेट्रीही मोडणे. बलवाहक कणांच्या फर्मिऑन जोडीदारांना वस्तुमान दिले, की ती मोडते. हे वस्तुमान अगदी थोडे असेल, तर पूर्वीचे चित्र टिकते. लुईस आल्व्हारेझ-गोमे, जॅक डिस्लर, कोस्टास कुनास आणि मार्कोस मारिनो यांनी १९९६ साली अशा सौम्य विरूपणाचा सविस्तर अभ्यास केला. वस्तुमान मोठे केले, की मात्र मंगल कार्यालयाचा नियम संपतो. वरच्या मजल्यावर कोणीही एकट्याने जाऊ लागते आणि तळमजल्यावरच्या मोजणीला अर्थ उरत नाही. पुलाची शेवटची कमान या ठिकाणी अपुरी आहे.

दोन्ही काठांतील फरकही नजरेआड करता येत नाहीत. सायबर्ग आणि विटेन यांच्या जगात, विरूपण लहान असताना, अधिक रंग घेतले तर क्वार्कच्या जोड्यांचे प्रकार खऱ्या जगात दिसतात त्याहून अधिक निघतात. म्हणजे बंदिवास दोन्हीकडे असला, तरी तुरुंगाची रचना हुबेहूब एक नाही. विरूपणाच्या वाटेत ही रचना बदलत जात असावी, असे मानले जाते. ती नेमकी कशी बदलते, हे सांगणारे गणित हाती नाही.

खुद्द प्रबल बलात बंदिवास होतो, याबद्दल मात्र शास्त्रज्ञांना शंका नाही. केनेथ विल्सन यांनी १९७४ साली अवकाश आणि काळ यांची जाळी कल्पून गणित करण्याची पद्धत दिली. तिच्या साहाय्याने २००८ साली युरोपातील एका गटाने महासंगणकांवर प्रोटॉनसह अनेक कणांची वस्तुमाने काही टक्क्यांच्या अचूकतेने काढली. परंतु संगणक उत्तर देतो, कारण देत नाही. गणिताची दहा लाखांची बेरीज बरोबर येणे आणि ती तशी का येते हे उमगणे, यांत जे अंतर आहे, ते भरून काढण्यासाठी विरूपणाचा हा खटाटोप चालला आहे.

या खटाटोपाचे फळ गणितालाही मिळाले. चौमितीय अवकाशांचे वर्गीकरण करण्यासाठी सायमन डोनाल्डसन यांनी १९८०च्या दशकात याच क्षेत्र सिद्धांतांची समीकरणे वापरली होती. ती फार किचकट होती. १९९४च्या अखेरीस विटेन यांनी तेच काम एकध्रुवांच्या पुष्कळ सोप्या समीकरणांनी होते, हे दाखवले आणि वर्षानुवर्षे अडलेली गणिते काही पानांत सुटू लागली. पुढे २००२ साली निकिता नेक्रासोव्ह यांनी थेट अवकाश-काळाचेच दोन आकड्यांनी विरूपण केले. त्यामुळे एरवी अनंत निघणाऱ्या बेरजा मोजता येण्याजोग्या झाल्या आणि ते आकडे शून्याकडे नेल्यावर सायबर्ग आणि विटेन यांचे उत्तर परत मिळाले. हिराकु नाकाजिमा आणि कोता योशिओका यांनी, तसेच नेक्रासोव्ह आणि आंद्रेई ओकुनकोव्ह यांनी २००३ साली त्याच्या काटेकोर सिद्धता दिल्या.

साधन आणि साध्य

जिनिव्हाजवळच्या लार्ज हेड्रॉन कोलायडरने २०१२ साली हिग्ज बोसॉन शोधला. पण सुपरसिमेट्रीने भाकीत केलेला एकही जोडीदार कण तेथे आढळलेला नाही. बलवाहक ग्लुऑनच्या जोडीदारासाठी शोधाची मर्यादा अनेक प्रकारच्या गृहीतकांखाली प्रोटॉनच्या वस्तुमानाच्या सुमारे दोन हजार पटींपलीकडे गेली आहे. यावरून सुपरसिमेट्री निकालात निघाली, असे लिहिले-बोलले जाते. ते अर्धेच खरे आहे. निसर्गाने सुपरसिमेट्री वापरली आहे काय, हा एक प्रश्न. सुपरसिमेट्री निसर्ग समजून घेण्याचे साधन आहे काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर प्रयोग देतील. कदाचित नकारार्थी देतील. दुसऱ्याचे उत्तर १९९४ सालीच मिळाले आहे.

घर्षणरहित पृष्ठभाग जगात कुठेही नाही, तरीही गतीचे नियम शिकताना आपण तेथूनच सुरुवात करतो आणि मग घर्षण जमेस धरतो. सायबर्ग आणि विटेन यांच्या जगाचे स्थान तसेच आहे. फरक इतकाच, की घर्षण कसे जमेस धरायचे हे अभियंत्याला ठाऊक असते. सुपरसिमेट्री पूर्णपणे काढून घेतल्यावर काय उरते, हे अजून ठरायचे आहे. ज्या दिवशी ती शेवटची कमान बांधली जाईल, त्या दिवशी एकटा क्वार्क का सापडत नाही आणि आपल्या वजनाचा बहुतांश भाग कुठून येतो, या दोन्ही प्रश्नांची कारणासहित उत्तरे आपल्या हाती असतील.